मोंत्रय-स्युर-मेर: समुद्र सोडून गेलेलं तटबंदीचं गाव एका दिवसात नीट कसं बघायचं

सगळ्यात आधी तिकिटाचं बोलू, कारण गोंधळ इथेच होतो. मोंत्रय नावाची गावं फ्रान्समध्ये बरीच आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं पॅरिसला अगदी खेटून, मेट्रोच्या ९ नंबर लाइनवर, लाखाच्या वर वस्ती असलेलं आहे. ते आपलं नाही. आपल्याला जायचंय ते उत्तरेला, पा-द-कॅले जिल्ह्यात, कांश नदीच्या काठावरच्या टेकडीवर बसलेलं, जेमतेम दोन हजार वस्तीचं मोंत्रय-स्युर-मेर. बुकिंग करताना पूर्ण नाव टाका, नाहीतर गूगल मॅप तुम्हाला मेट्रोनेच परत पाठवेल.

नावात समुद्र आहे म्हणून स्विमिंगचे कपडे घेऊन जाऊ नका. समुद्र इथून पंधराएक किलोमीटर लांब आहे. पूर्वी भरतीचं पाणी कांश नदीतून पार गावाच्या पायथ्यापर्यंत यायचं, जहाजं लागायची, बंदर होतं. मग नदीत गाळ साठत गेला, बंदर बुजलं, नाव तेवढं राहिलं.

आता या गावात बघायचं काय असा प्रश्न पडेल, कारण आयफेल टॉवरसारखी एक मोठी वस्तू इथे नाहीये. अख्खं गावच बघायचंय, आणि ते योग्य ऑर्डरमध्ये बघितलं तरच मजा आहे. बरेच लोक गाडी चौकात लावतात, कॉफी पितात, दोन गल्ल्यांचे फोटो काढतात आणि "छान आहे, पण तासात संपतं" म्हणून निघून जातात. माझं म्हणणं असं की आधी तटावर चढा, मग किल्ला, मग गल्ल्या आणि चौक सगळ्यात शेवटी. कारण हे गाव आज जसं दिसतं तसं का दिसतं हे तटावरून कळतं, चौकातून नाही कळत.

निघण्याआधी दहा मिनिटांचा इतिहास (हा स्किप करू नका)

मोंत्रयचा इतिहास म्हणजे एकेक करून तीन गोष्टी हातातून जाण्याचा इतिहास आहे. समुद्र, सरहद्द आणि रस्ता.

पहिला समुद्र. दहाव्या शतकाच्या शेवटी कापे घराण्याचे राजे फ्रान्सच्या गादीवर आले तेव्हा त्यांच्या थेट ताब्यातला मुलूख म्हणजे पॅरिस, ओर्लेआँ आणि आजूबाजूचा पट्टा, बाकी सगळे मोठमोठे सरदार आपापल्या जागी राजेच होते. या एवढ्याशा राज्याला समुद्राकडे उघडणारी खिडकी म्हणजे मोंत्रय. नॉर्मंडी ड्यूककडे, फ्लँडर्स काउंटकडे, त्यामुळे राजाचं म्हणावं असं बंदर हेच. पुढे १२०४ मध्ये याच घराण्यातल्या फिलिप ऑगस्टस राजाने नॉर्मंडी जिंकली, किनारा मोकळा झाला, आणि तसंही इथे गाळ वाढतच होता.

दुसरी सरहद्द. ही फार मजेशीर आहे. १५२९ च्या तहात शेजारच्या आर्त्वा प्रांतावरचा फ्रान्सचा हक्क सुटून तो पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला आणि मोंत्रय एकदम बॉर्डरवरचं गाव झालं. परिणाम लगेच दिसला. १५३७ मध्ये चार्ल्सच्या फौजेने गाव घेतलं, लुटलं आणि जाळलं. १५४४ मध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आला, त्याने स्वतः किनाऱ्यावरच्या बुलोन्य शहराला वेढा घातला आणि ड्यूक ऑफ नॉरफोकला मोंत्रयवर पाठवलं. बुलोन्य पडलं, मोंत्रय पडलं नाही. या दोन झटक्यांनंतर फ्रेंच राजांनी इथल्या तटावर भरपूर पैसा ओतला, आणि आज आपण ज्या भिंतीवरून फिरतो त्यातला मोठा भाग हा त्या घाबरलेल्या शंभर वर्षांचा आहे. मग १६५९ मध्ये पिरेनीजचा तह झाला, आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सला मिळाला, सरहद्द पुढे उत्तरेला सरकली आणि एवढ्या खर्चाने उभारलेला तट मागच्या अंगणात पडला.

तिसरा रस्ता. पॅरिसहून कॅलेला, म्हणजे पुढे लंडनला, जाणारा टपालगाड्यांचा जुना रस्ता आबव्हीलवरून मोंत्रयमधून जायचा. घोडे बदलायचे, प्रवासी मुक्काम करायचे, खानावळी चालायच्या. १८४० च्या दशकात आमियँ ते बुलोन्य रेल्वे झाली ती किनाऱ्याने एताप्लवरून गेली, मोंत्रयला वळसा घालून. पुढे काही वर्षांनी गावाला स्वतःचं स्टेशन मिळालं पण ते आडव्या लाइनवर, मेन लाइन नाही ती नाहीच.

आता हे तिन्ही एकत्र धरा. बंदर नाही, लष्करी महत्त्व नाही, मेन रेल्वे नाही, म्हणजे कारखाने नाहीत, वस्ती वाढली नाही, आणि वस्ती वाढली नाही म्हणून तट पाडून रिंग रोड करायची कुणाला गरजच पडली नाही. युरोपातल्या बहुतेक शहरांनी एकोणिसाव्या शतकात तट पाडून तिथे झाडांचे रुंद रस्ते केले. मोंत्रयने नाही केले. आपल्याला आज जे बघायला मिळतं ते या मागे पडण्यामुळेच मिळतं.

पोचायचं कसं

पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवरून एताप्ल-ल तुकेपर्यंत ट्रेन. कधी थेट मिळते, कधी मध्ये बदलावी लागते. एताप्लहून आरासच्या दिशेने आत जाणारी छोटी लोकल ट्रेन पकडायची, दहाएक मिनिटांत मोंत्रय. फक्त या लोकलच्या फेऱ्या मोजक्या आहेत, वीकेंडला अजून कमी, त्यामुळे रेल्वेच्या अॅपवर त्या दिवसाचं टाइमटेबल बघा आणि यायची ट्रेन नंतर बघा, परत जायची ट्रेन आधी फिक्स करा. उलटं सांगतोय असं वाटेल पण दिवसाचा प्लॅन शेवटच्या ट्रेनवरूनच ठरतो. चुकली तर एताप्लपर्यंत टॅक्सी, आणि छोट्या गावात टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते.

गाडी असेल तर सोपं. कॅलेहून साधारण तासाभराचा रस्ता, बुलोन्यहून त्याहून कमी, पॅरिसहून अडीच तासांच्या आसपास. ज्यांची मंडळी इंग्लंडमध्ये आहेत आणि जे बोगद्यातून गाडी घेऊन फ्रान्सला येतात त्यांच्यासाठी तर हे पहिल्या दिवसाचं बेस्ट ठिकाण आहे. (मात्र भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये येता येत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच.)

शूज चांगल्या ग्रिपचे हवेत. गल्ल्यांना गोल गोल दगडांची फरसबंदी आहे आणि ओली झाली की घसरते, आणि ओली ती बऱ्याचदा असतेच, हा इंग्लिश खाडीच्या जवळचा भाग आहे, उन्हाळ्यातही एक पातळ रेनकोट बॅगेत असू द्या. छत्रीचा तटावर वाऱ्यामुळे काही उपयोग नाही.

दिवस निवडताना शनिवार पकडता आला तर पकडा, सकाळी बाजार भरतो. सोमवारी फ्रान्समधल्या छोट्या गावात निम्मी दुकानं बंद असतात, रविवारी दुपारनंतर तर शुकशुकाट. हिवाळ्यात किल्ला काही काळ बंद ठेवतात आणि एरवीही आठवड्याची सुट्टी असते, तर गावाच्या टुरिस्ट ऑफिसच्या साइटवर वेळा बघूनच तारीख ठरवा.

पहिला टप्पा: तटावरची फेरी

स्टेशन टेकडीच्या पायथ्याला आहे, किल्ल्याच्या अगदी खाली. ट्रेनमधून उतरलात की मान वर करून बघा, भिंत दिसते ती किल्ल्याचीच. तिथून चढ आहे, पण ट्रेकवाल्यांनी त्याला चढ म्हणू नये. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र दम घेत घेत चला किंवा गाडीच आणा.

वर आल्यावर सरळ तटावर जा. पूर्ण गावाभोवती फिरता येतं, तीन किलोमीटरच्या आसपासची फेरी आहे, फोटो न काढता तास, फोटो काढत दीड तास. फुकट आहे, तिकीट नाही, गेट नाही. कुठूनही सुरू करा, फिरून तिथेच येता. एक सांगून ठेवतो, सगळीकडे कठडा असेल या भरवशावर राहू नका, बाहेरच्या बाजूला भिंत सरळ खाली जाते, लहान मुलांचा हात सोडू नका.

आता बघायचं काय ते. किल्ले बघणाऱ्या माणसाला इथे मेजवानी आहे कारण एकाच भिंतीत दोन जमाने शेजारी शेजारी दिसतात. पश्चिमेच्या अंगाला जुने गोल बुरुज आहेत, तेराव्या शतकातले, बाण आणि शिडी लावून चढणारे शिपाई यांच्यासाठी बांधलेले. उंच, सडपातळ, भिंतही तुलनेने पातळ. आणि दुसऱ्या बाजूंना जे दिसतं ते सोळाव्या-सतराव्या शतकातलं विटांचं काम, बुटकं, जाड, आत मातीची भर घातलेलं आणि बुरुज गोल नाहीत तर टोकदार, बाणाच्या पात्यासारखे पुढे आलेले.

हा फरक का पडला तर तोफ आली म्हणून. उंच पातळ भिंत तोफेला सोपं टार्गेट, म्हणून भिंत बुटकी आणि जाड केली, मागे माती भरली म्हणजे गोळा आत रुततो, भिंत फुटून कोसळत नाही. आणि गोल बुरुजाचा प्रॉब्लेम असा की त्याच्या अगदी समोर पायाशी एक जागा अशी राहते जी शेजारच्या बुरुजावरून दिसतच नाही, शत्रू तिथे पोचला की तो सेफ, बसून सुरुंग लावायला मोकळा. टोकदार बुरुजात ती जागाच उरत नाही, एका बुरुजाची बाजू दुसऱ्यावरून पूर्ण झोडपता येते. इटलीत ही पद्धत निघाली, फ्रान्समध्ये चौथ्या हेन्री राजाच्या काळात एरार नावाच्या इंजिनियरने त्यावर काम केलं, मोंत्रयलाही केलं, आणि पुढे चौदाव्या लुईच्या काळात वोबाँ या लष्करी इंजिनियरने तीच पद्धत पार टोकाला नेली. वोबाँचं नाव उत्तर फ्रान्समध्ये प्रत्येक गाव सांगतं, इथेही त्याने थोडी सुधारणा केली, पण मोंत्रयचा तट मुळात त्याच्या आधीचा आहे आणि म्हणूनच जास्त इंटरेस्टिंग आहे असं माझं मत.

एखाद्या टोकदार बुरुजाच्या टोकाशी उभे राहा आणि शेजारच्या बुरुजाकडे बघा, मग वर सांगितलेलं सगळं एका नजरेत कळतं, कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बरं.

उत्तरेच्या बाजूला आलात की खाली कांशचं खोरं दिसतं, हिरवीगार सपाट ओलसर कुरणं. ही कुरणं म्हणजेच ते जुनं बंदर आणि खाडी. इथे पाच मिनिटं थांबाच. पलीकडच्या उतारावर एक लांबलचक मठ दिसतो, नव्हील गावचा, कार्थूझियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा. मूळ चौदाव्या शतकातला, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पाडला गेला, आणि आज दिसतो तो १८७० च्या दशकात पुन्हा बांधलेला. पहिल्या महायुद्धात तिथे बेल्जियमहून आलेल्या निर्वासितांचं हॉस्पिटल होतं. वेळ आणि गाडी दोन्ही असेल तर दुपारनंतर तिकडे जाता येतं, नाहीतर तटावरून बघितला तरी चालेल.

दुसरा टप्पा: किल्ला

तटाची फेरी करून तुम्ही किल्ल्याच्या दाराशी याल. इथे तिकीट आहे, फार नाही. आपल्या भाषेत हा बालेकिल्ला, गाव पडलं तरी लढत राहायची जागा. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६७ मध्ये हा बांधायला घेतला आणि तो बांधला जुन्या राजवाड्याच्या जागेवरच. त्यामुळे आत गेल्यावर मध्येच दोन मोठे गोल बुरुज लागतात ते फिलिप ऑगस्टसच्या किल्ल्याच्या दरवाजाचे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. म्हणजे किल्ल्याच्या पोटात दुसरा किल्ला.

मग राणी बर्थचा बुरुज. गोष्ट अशी सांगतात की पहिल्या फिलिप राजाने आपल्या राणीला, हॉलंडच्या बर्थला, टाकलं, कारण त्याचं मन दुसऱ्याच सरदाराच्या बायकोवर बसलं होतं, आणि बर्थला इथे मोंत्रयला आणून ठेवलं, इथेच ती गेली. राणीला टाकल्याचं आणि इथे ठेवल्याचं खरं आहे, साल साधारण १०९२ चं, यावरून राजाला पोपने बहिष्कृतसुद्धा केलं होतं. फक्त तो बुरुज तिच्या वेळचा नाही, बराच नंतरचा आहे, मूळ गावाचा एक दरवाजा होता तो पुढे किल्ल्यात घेतला. गाइड कुठला बुरुज दाखवतो त्याकडे लक्ष देऊ नका, गोष्ट ऐका.

या बुरुजात आत बघण्यासारखं म्हणजे भिंतीवर रंगवलेली सरदारांची चिन्हं. १४१५ मध्ये आझँकूरला, इथून तीसएक किलोमीटरवर, इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने फ्रेंच फौजेची धूळधाण केली, त्यात पडलेल्या आजूबाजूच्या सरदारांची ही चिन्हं आहेत. नावांची यादी वाचायला कंटाळा येतो पण ही ढालींची रांग बघताना कंटाळा येत नाही.

आणि तिसरी वस्तू म्हणजे जमिनीखालच्या कोठ्या. एकोणिसाव्या शतकात तोफेच्या माऱ्यातून लपण्यासाठी बांधलेल्या, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यात टेलिफोन-तारेचं जाळं बसवलं. आता तिथे त्या काळावरचं प्रदर्शन आहे. थंड आणि दमट असतं, जॅकेट काढू नका.

इथे ब्रिटिश कसे आले ते सांगायला हवं, कारण गावकरी सोडले तर हे फार कुणाला माहीत नसतं. मार्च १९१६ च्या शेवटी ब्रिटिश फौजेचं फ्रान्समधलं मुख्यालय सँतोमेर गावाहून मोंत्रयला आलं आणि युद्ध संपेपर्यंत इथेच राहिलं. सोम आणि पासनडेलच्या लढाया, १९१८ ची जर्मन चढाई आणि नंतरचा पलटवार, सगळ्याचे कागद इथून हलले. लाखोंच्या फौजेचं ऑफिस दोन हजारांच्या गावात का? कारण आघाडीच्या मध्यावर पण सुरक्षित अंतरावर, लंडन आणि पॅरिस दोन्हीकडे जायला बरं, मोठा कारखाना किंवा गर्दी नाही, भोवती तट असल्यामुळे आतबाहेर जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणं सोपं, आणि गावात एक लष्करी शाळा होती जिची मोठी इमारत ऑफिसला आयती मिळाली. म्हणजे जो तट अडीचशे वर्षं बिनकामाचा होता त्याला परत काम मिळालं. सेनापती डग्लस हेग स्वतः गावात नाही, जवळच्या बोरपेर नावाच्या बंगल्यात राहायचा.

भारताचा धागा इथे थोडा तिरका आहे. मुख्यालय मोंत्रयला यायच्या आधीच, १९१५ च्या शेवटी, भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात नेलं होतं, जिथे आपल्या मराठा पलटणी लढल्या. घोडदळ १९१८ पर्यंत इथे राहिलं आणि १९१७ मध्ये मजुरांच्या कंपन्या आल्या. त्यामुळे मोंत्रयमध्ये शोधाल तर भारतीय खुणा सापडणार नाहीत, त्या आसपास आहेत, त्याचं शेवटी सांगतो.

उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या सुरुवातीला, याच किल्ल्यात रात्री उघड्यावर व्हिक्टर ह्युगोच्या 'ले मिझेराब्ल' कादंबरीचा भव्य प्रयोग होतो, गावातले शेकडो लोक, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, कामं करतात. फ्रेंच कळत नसलं तरी चालतं, गोष्ट माहीत असेल तर पुरे. पण तिकिटं आधी घ्या आणि मुक्काम गावातच करा कारण प्रयोग संपल्यावर ट्रेन नसते.

तिसरा टप्पा: गल्ल्या आणि व्हिक्टर ह्युगो

ह्युगो ४ सप्टेंबर १८३७ ला या गावातून गेला, बेल्जियमच्या फेरीवरून परतताना. काही तासांचा थांबा. आणि पंचवीस वर्षांनी, १८६२ मध्ये, 'ले मिझेराब्ल' आली तेव्हा तिचा नायक जाँ वालजाँ याला त्याने याच गावात आणून बसवलं होतं. तुरुंगातून सुटलेला वालजाँ नाव बदलून मादलेन म्हणून येतो, कारखाना काढतो, श्रीमंत होतो, महापौर होतो, इन्स्पेक्टर जावेरला इथेच त्याचा संशय येतो, त्याच्या कारखान्यातून काढून टाकलेली फांतीन इथेच मरते.

कारखाना कसला तर काळ्या काचेच्या मण्यांचा, आणि मादलेनने त्यात केलेली सुधारणा म्हणजे राळेच्या जागी लाख वापरणं. ही लाख त्या काळात युरोपात जायची ती मुख्यतः भारतातूनच, म्हणजे वालजाँच्या श्रीमंतीत आपलाही हात आहे म्हणा. असो, तो कारखाना कादंबरीतला आहे, शोधत बसू नका.

शोधायची ती सँ-फिर्मँची घळ. वरच्या गावातून खाली बुलोन्य दरवाजाकडे उतरणारी तीव्र उताराची दगडी वाट, दोन्ही बाजूंना पांढरी बुटकी घरं, कौलं खाली वाकलेली. गावात सांगतात की ह्युगोने इथेच गाडी उलटताना बघितली आणि त्यावरून तो गाडीखाली अडकलेल्या म्हाताऱ्याला वालजाँ पाठीने गाडी उचलून सोडवतो तो प्रसंग सुचला. खरं-खोटं ह्युगोलाच माहीत, पण त्या उतारावर उभं राहून भरलेली घोडागाडी डोळ्यासमोर आणली की पटतं. १९२५ मध्ये या कादंबरीवर जो मूकपट निघाला त्याचं शूटिंगही इथे झालं होतं. फोटो खालून वर काढा, वरून खाली काढलात तर उतार कळतच नाही.

त्याच्या जवळच क्लाप-आँ-बा नावाची गल्ली आहे, तशीच बुटक्या घरांची, मध्ये पाणी वाहून जायला पन्हळ, काही घरांत कुंभारकाम आणि हस्तकलेची दुकानं. ही विणकर, चांभार अशा गरीब लोकांची वस्ती होती, आता तीच घरं सगळ्यात जास्त फोटोत असतात. घरांत लोक राहतात, खिडकीत कॅमेरा घालू नका.

एक ज्यादा टीप वाचणाऱ्यांसाठी. कादंबरीत मादलेन पहाटे अंधारात घोडागाडीने आरासला निघतो, वाटेत एस्दँला चाक मोडल्याचं कळतं, सँ-पोलवरून पुढे जातो. मोंत्रयहून आत जाणारी लोकल ट्रेन जवळपास त्याच वाटेने जाते, एस्दँ, सँ-पोल, मग आरास. त्याला चौदा तास लागले, तुम्ही आरामात खिडकीत बसून बघा. एस्दँला उतरलात तर तेही एक गंमतीचं गाव आहे, पाचव्या चार्ल्सने १५५३ मध्ये जुनं एस्दँ पूर्ण जमीनदोस्त केलं आणि थोड्या अंतरावर नवीन वसवलं, तेच आजचं.

चौथा टप्पा: देऊळ, चौक आणि जेवण

प्लास गांबेताला सँ-सोल्वचं चर्च आहे. बाहेरून बघितल्यावर काहीतरी चुकलंय असं वाटतं, लांबीच्या मानाने मागचा भाग तोडल्यासारखा. तोडलेलाच आहे. १५३७ च्या जाळपोळीत मागची बाजू गेली आणि ती परत बांधायला पैसे कधी जमलेच नाहीत, उरलेल्या भागावर भागवलं. समोरचा मनोरा मात्र जुना, अकराव्या शतकापर्यंत जाणारा. आत जा, फुकट आहे, थंड आणि शांत आहे.

त्याच चौकात जुन्या धर्मार्थ दवाखान्याचं छोटं चॅपल आहे, दवाखाना १२०० सालचा, चॅपल १८७० च्या दशकात नव्याने बांधलेलं, कोरीव काम अगदी नाजूक. उघडं मिळालं तर लॉटरी. त्याचा आर्किटेक्ट क्लोव्हिस नोर्मां एस्दँचाच आणि तटावरून दिसलेला नव्हीलचा मठही त्यानेच पुन्हा बांधला.

मग मोठ्या चौकात या. थिएटरसमोर घोड्यावर बसलेला हेग दिसेल. हा पुतळा १९३१ चा, शिल्पकार पॉल लांडोव्स्की, म्हणजे ज्याने रिओ द जानेरोच्या डोंगरावरचा हात पसरलेला येशू केला तोच, आणि दोन्ही एकाच वर्षी उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी मोंत्रयचा पुतळा नष्ट केला, जुन्या साच्यावरून पुन्हा ओतून १९५० मध्ये परत बसवला. पुतळा शिल्प म्हणून सुंदर आहे, घोडा तर अप्रतिम. हेगबद्दल मात्र इंग्लंडमध्येच अजून एकमत नाही. १ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस, एका दिवसात १९,२४० ब्रिटिश मेले, तेव्हा मुख्यालय इथे होतं. पुतळ्यासमोर सेल्फी काढताना एवढं माहीत असावं.

जेवणाचं वेळेवर बघा, दुपारी दोननंतर किचन बंद होतं आणि संध्याकाळी सातशिवाय उघडत नाही, मध्ये फक्त कॉफी आणि केक. या भागात शिंपले आणि फ्राइज सगळीकडे मिळतात, साखरेचा टार्ट नक्की खा. शाकाहारी असाल तर बकरीच्या दुधाच्या चीजचं सॅलड, ऑम्लेट चालत असेल तर ऑम्लेट, नाहीतर पॅनकेकच्या दुकानात चीज-मशरूमचा पॅनकेक. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. स्वस्तात करायचं असेल तर शनिवारच्या बाजारातून ब्रेड, चीज, फळं घेऊन तटावर बसा, माझ्या मते ते कुठल्याही रेस्टॉरंटपेक्षा भारी, फक्त वाऱ्याने कागद उडणार नाहीत एवढं बघा.

मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी

इथेच तो भारतीय धागा येतो. एताप्लला परत जाताना गावाबाहेरची युद्ध दफनभूमी बघा, ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाची फ्रान्समधली सगळ्यात मोठी. युद्धात एताप्लला ब्रिटिशांचा प्रचंड कॅम्प आणि हॉस्पिटलं होती, तिथे दगावलेले साडेअकरा हजारांच्या आसपास लोक इथे आहेत. डिझाइन एडविन लट्यन्सचं, ज्याने नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट केलं. दगडी मांडणी बघून दिल्लीवाल्यांना ओळख पटेल.

बुलोन्यच्या बाजूला जाणार असाल तर सँ-मार्तँमध्ये मीरत मिलिटरी सिमेट्री आहे, नाव तिथे असलेल्या मीरतच्या भारतीय लष्करी हॉस्पिटलवरून पडलं, आणि तिथे बहुतेक भारतीय शिपाई आणि मजूर आहेत. आणि गाडीने पूर्वेला तास-सव्वा तास जायची तयारी असेल तर नव्ह-शापेल, जिथे मार्च १९१५ मध्ये भारतीय तुकड्या लढल्या. तिथलं स्मारक हर्बर्ट बेकरचं, १९२७ मध्ये खुलं झालं, भिंतीवर ज्यांची कबर माहीत नाही अशा ४,७०० हून जास्त भारतीय सैनिकांची नावं. या तिन्ही ठिकाणी तिकीट नाही. दरवाजाजवळ भिंतीत एक छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही असते, नाव शोधता येतं आणि दुसऱ्या वहीत दोन ओळी लिहिता येतात, मराठीत लिहिल्या तरी चालतं.

इतिहास पुरे झाला असेल तर ल तुके, पंधराएक किलोमीटरवर, खरा समुद्र, लांबच लांब वाळूचा किनारा आणि पॅरिसच्या श्रीमंत लोकांचे बंगले. ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि भरती पटकन येते, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा बघून आत जा, पाटीवर लिहिलेल्या असतात.